हां म्हटल्याशिवाय टाकायचं नाही

कॉलेजात मी चार वर्षं बास्केटबॉल खेळलो आणि चार वर्षांत मिळून तीन बास्केट केल्या. त्यातली एक चुकून झाली. घरातली तरुण मंडळी हे ऐकून पोट धरून हसतात. हसू देत बापडी. त्यांना वाटतं, चेंडू जाळीत टाकतो तोच काय तो खेळतो. मी गार्ड होतो. गार्डनं मागे राहायचं, समोरच्याला आत शिरू द्यायचं नाही, चेंडू हाती आला की तो योग्य माणसाच्या हाती पोचवायचा, आणि टाळ्या पडल्या तर त्या दुसऱ्यासाठी आहेत हे समजून गुमान धावत राहायचं. मला हे काम मनापासून आवडायचं. माझा पास त्या वेळी सुरतेकडच्या कॉलेजांत चांगलाच नावाजलेला होता, हे मी आता या वयात लाजबीज सोडून सांगतो. मात्र तो मला कुठल्या मास्तरानं शिकवला नाही. तो माझ्या थोरल्या भावामुळे मला आला, आणि कसा आला हे कळायला कॉलेजचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

आमचं गाव तापीच्या काठी. पलीकडच्या तीरावर प्रकाशा, अलीकडे आम्ही. घरची काळी जमीन, तीत कापूस आणि ज्वारी. पण माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, खरा जीव नदीच्या वाळूत. दिवाळीनंतर पाणी उतरलं की पात्रात उघड्या पडलेल्या वाळूत ते टरबुजाचे वेल लावायचे. फाल्गुन-चैत्रात फळ तयार व्हायचं, आणि मग ते वर चढवायचं काम निघायचं. आमच्या गावाशी नदीचा काठ उभाच्या उभा तुटलेला. बैलगाडी खाली उतरायची नाही. म्हणून वाळूपासून दरडीवरच्या गाडीपर्यंत माणसांची ओळ लागायची. माय, मी, काका, घरचे सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी, त्यांच्या बायका. टरबूज या हातातून त्या हातात उडत वर जायचं. बाकीच्या गावांतले लोक पाट्या डोक्यावर घेऊन चढ-उतार करत. आम्ही त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघायचो.

या कामाचे नियम कडक होते. घेणारा 'हां' म्हणेपर्यंत देणाऱ्यानं टाकायचं नाही. 'हां' आला की उशीरही करायचा नाही. एकदा हातातून सुटलं की त्याच्याकडे बघत बसायचं नाही, लगेच खाली वळून पुढचं घ्यायचं. आणि फुटलं तर ज्याची चूक त्यानं ते तिथल्या तिथे संपवायचं. ऐकायला ही शिक्षा गोड वाटते. चैत्राच्या उन्हात तापलेलं, वाळूनं भरलेलं तिसरं टरबूज खाऊन बघा, मग बोला.

ओळीत सगळ्यात वर, गाडीपाशी, दादा उभा असे. माझा थोरला भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गाडीत कडबा अंथरून त्यावर फळं रचायची ती त्यानंच. त्याचे हात फार हळुवार होते; त्यानं रचलेल्या गाडीतलं एक फळ नंदुरबार स्टेशनापर्यंत हलत नसे. त्याच्या खालोखाल मी. म्हणजे दादाकडे टरबूज टाकायचं काम वर्षानुवर्षं माझंच. आणि हे महाकर्मकठीण काम होतं. कारण दादा हात इकडेतिकडे हलवायचाच नाही. दोन्ही हात छातीशी धरून, मान जराशी वाकडी करून, डोळे बारीक करून तो उभा राही आणि म्हणे, "हां." फळ बरोबर त्या दोन हातांच्या मध्ये पडायला हवं. वीतभर इकडे झालं की गेलंच.

"छातीवर टाक रे, छातीवर," तो म्हणायचा. "माले शोधाले लावू नको."

मला त्याचा भारी राग यायचा. मोठा भाऊ म्हणून काय झालं, वीतभर हात हलवायला काय बिघडतं? पण त्याच्याशी वाद कोण घालणार? चूक नेहमी माझीच ठरायची. मी वाळूची टरबुजं खात मोठा झालो, आणि पंधराव्या वर्षी अशी वेळ आली की डोळे मिटून टाकलं तरी माझं फळ दादाच्या छातीशीच जायचं.

आता दादाबद्दल गावाचं मत सांगायला हवं. दादा ढ होता. हे मत आप्पांचंही होतं आणि खरं सांगायचं तर माझंही होतं. शाळेत मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं वाचायला सांगितलं की हा मख्खासारखा उभा. पाटीवर लिहिताना नाक पाटीला टेकायचं. मास्तर म्हणायचे, नाकानं लिहितोस का रे? तिसरीत दोन वर्षं काढल्यावर आप्पांनी त्याला शाळेतून काढलं आणि शेतावर घेतलं. तिथेही तऱ्हा तीच. पाहुणा समोरून गेला तरी हा रामराम करायचा नाही. शेजाऱ्याची गाय आपली समजून गोठ्यात बांधायचा. आप्पा तापट. ते ओरडायचे, "मामा समोरथीन गया, रामराम बी नही करा तू! डोया शेत का भोकं?" दादा खाली मान घालून ऐकून घ्यायचा. माय म्हणायची, "जाऊ द्या, भोया शे मन्हा पोऱ्या." भोळा म्हटल्यानं ढ म्हटल्याची धार कमी होते, असं तिला वाटत असावं.

मग 'एक तरी पोऱ्या शिकाले पाहिजे' म्हणून आप्पांनी मला नंदुरबारला इंग्रजी शाळेत घातलं आणि मॅट्रिक झाल्यावर सुरतेच्या कॉलेजात पाठवलं. नंदुरबारला गाडीत बसलं की नवापूर जातं आणि दुपारपर्यंत सुरत येते, त्यामुळे सुरत आम्हाला पुण्याहून जवळची. गाडीत बसताना माझ्या मनात एकच होतं की दादाच्या वाटणीचं शिक्षणही आपल्यालाच मिळतंय. तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. आता आठवलं की कान तापतात.

कॉलेजच्या आवारात चोपलेल्या मातीचं एक मैदान होतं. दोन टोकांना खांब, खांबांवर फळ्या, फळ्यांना कडी आणि जाळी. पहिल्या वर्षी मी काठावर उभा राहून बघत होतो. चेंडू बाहेर आला, मी तो झेलला आणि कोणाला तरी परत टाकला. कॅप्टननं माझ्याकडे वळून बघितलं. "परत टाक," तो म्हणाला. मी टाकला. दुसऱ्या दिवशी मी टीममध्ये होतो.

पण टीममध्ये आल्यावर माझे हाल सुरू झाले. या खेळात चेंडू जमिनीवर आपटत आपटत पुढे न्यायचा असतो. मला ते बघवेचना. गोल, जड, हातात धरलेली वस्तू मुद्दाम जमिनीवर आपटायची म्हणजे काय? चेंडू हाताबाहेर जाऊ द्यायला मी तयारच नसायचो. मी तो छातीशी कवटाळून उभा राहायचो. आणि उभा राहून वाट बघायचो. कशाची, तर समोरचा 'हां' म्हणतो त्याची. मोकळा गडी समोर हात पसरून उभा आहे, आणि मी चेंडू धरून त्याच्या तोंडाकडे बघतोय, असा देखावा दररोज व्हायचा. शिट्टी वाजायची, चेंडू जायचा, सगळे माझ्या नावानं खडे फोडायचे. शेवटी मी कॅप्टनला आमच्या दरडीची सगळी हकिकत सांगितली. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानं टीमला फर्मान सोडलं: चेंडू हवा असेल त्यानं 'हां' म्हणायचं. आठवडाभरात आमच्या मैदानावर दुसरा शब्द ऐकू येईनासा झाला. 'हां' आला की चेंडू त्याच्या छातीवर. मी गार्ड झालो ते असा.

आपटायला मात्र मी नीट कधीच शिकलो नाही. त्याची गरजही पडली नाही.

कॅप्टन सुरतेचाच. तो गुजराती बोलायचा आणि मी अहिराणी, पण आमच्याकडच्या बाजारात अर्धं गुजरातीच चालतं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्याला जाड भिंगांचा चष्मा होता. खेळताना तो काढून काठावरच्या कोणातरी ओळखीच्याकडे सांभाळायला द्यायचा. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही दोघंच सराव करत होतो. तो कडीखाली उभा होता. दोन्ही हात छातीशी, मान जराशी वाकडी, डोळे बारीक केलेले. तो म्हणाला, "हां." आणि चेंडू टाकायचा सोडून मी तसाच उभा राहिलो. माझ्यासमोर दादा उभा होता.

मी त्याला विचारलं, "तू हात का हलवत नाहीस रे?"

तो सहज म्हणाला, "चष्म्याशिवाय चेंडू कुठे दिसतो मला? तू नेमका छातीवर टाकतोस म्हणून तर तुला गार्ड ठेवलाय."

पाटीला टेकलेलं नाक, न केलेले रामराम, दुसऱ्याची गाय, सगळं एका ओळीत डोळ्यांसमोरून गेलं. दादा ढ नव्हता. त्याला दिसत नव्हतं. एवढी साधी गोष्ट! आणि आमच्या अख्ख्या घरात, गावात, शाळेत, ती एकालाही सुचली नव्हती. सुचणार कशी? आमच्या गावात चष्मा फक्त म्हाताऱ्या तलाठ्याला होता आणि तो लिहिण्यापुरता. तरण्याताठ्या माणसाला लांबचं दिसत नाही, असा काही आजार असतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा घरात दादाच्या लग्नाचा विषय चालू होता. आधी तीन ठिकाणचे लोक येऊन, दादाला बघून, चहा पिऊन निघून गेले होते. 'मुलगा जरा असा आहे' असं नंतर कानावर यायचं. आता कोरीट गावच्या एका घरचे लोक चैत्रात येणार होते. आप्पांनी सांगून टाकलं होतं की हे शेवटचं. हे जमलं नाही तर पुन्हा कोणापुढे पोराला उभं करायचं नाही. लग्नावाचून राहील, शेतात राबेल, धाकट्याच्या संसारात दोन घास खाईल. दादा पलीकडे बसून दोर वळत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि दोर वळत राहिला. मला तिथे बसवेना.

मी त्याला नदीवर गाठलं आणि डोळ्यांचं सांगितलं. सुरतेला चल, तपासून घेऊ, चष्मा करू. मला वाटलं तो आनंदानं उडी मारेल. तो भडकला.

"ढ शे तितलं पुरे नही का?" तो म्हणाला. "आते आंधया बी ठरावनं का माले? कोरीटवाला चष्मा दखतीन आन दारमाइनच वापस जातीन."

आणि यात खोटं काय होतं? डोळ्यांनी अधू म्हटलं की पोर कोण देणार? तेव्हापुरता मी विषय सोडला. पण हट्टीपणात मी आप्पांवर गेलोय. परत गेल्यावर मी दादाला पत्र टाकलं की फाल्गुनात आमचा यंदाचा शेवटचा मोठा सामना आहे, सगळ्यांच्या घरचे बघायला येतात, माझ्या घरचं कधी कोणी आलं नाही. डोळ्यांचा उल्लेख केला नाही. पत्र नाकाशी धरून त्यानं वाचलं असणार. उलट टपाली दोन ओळी आल्या: टरबुजांबरोबर येतो. तू कसा खेळतोस ते बघायचं आहे.

आमची टरबुजं नंदुरबारहून रेल्वेनं सुरतेला जायची आणि मालाबरोबर गावची माणसं जायची. आप्पा दादाला पाठवायला तयार नव्हते, हरवेल म्हणून. गावातले आणखी दोघं बरोबर होते, म्हणून कसंबसं हो म्हणाले.

सामना आमच्याच मैदानावर होता. दादा धुतलेलं धोतर, नवा सदरा, डोक्याला टोपी अशा थाटात पुढेच बसला होता. पहिला अर्धा सामना मी जीव तोडून खेळलो. दर वेळी चेंडू माझ्या हाती आला की मी चोरून त्याच्याकडे बघायचो. तो टाळ्या वाजवत होता, पण काहीतरी चुकत होतं. मी चेंडू अडवला तेव्हा तो गप्प, आणि आमच्या दुसऱ्या गार्डनं साधा चेंडू उचलला तरी याच्या टाळ्या.

मध्यंतराला मी धापा टाकत त्याच्यापाशी गेलो. त्यानं कौतुकानं माझा खांदा थोपटला आणि हळूच विचारलं, "त्यामा तू कोनता व्हता?"

मी हसलो. काय करणार? हसता हसता मी पाणी प्यायला वळलो. मध्यंतरापुरता चष्मा लावून कॅप्टन शेजारीच उभा होता. त्यानं दादाकडे नीट निरखून बघितलं. मी त्याला पूर्वीच सगळं सांगितलेलं होतं. पुन्हा खेळ सुरू व्हायची शिट्टी झाली तेव्हा त्यानं आपला चष्मा उतरवला आणि सरळ दादाच्या हातात दिला. "मोठाभाई, जरा सांभाळा," म्हणाला आणि धावत आत गेला.

चष्मा हातात घेऊन दादा बराच वेळ तसाच बसून होता. मग मी खेळात गुंतलो. सामना अगदी अटीतटीचा चालला होता. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला तीन पायांच्या तिकाटण्यावर एक मोठा काळा फळा होता, त्यावर दोन्ही टीमचे गुण खडूनं लिहीत. शेवटचे काही क्षण उरले तेव्हा आमचे अठरा आणि त्यांचे सतरा. चेंडू माझ्या हाती. आता मी तो नीट जपला की सामना आमचा. आणि नेमकं तेव्हाच मी दादाकडे बघितलं.

त्यानं चष्मा लावला होता. टोपी मागे सरकली होती, तोंड उघडं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, चेंडूकडे तर नाहीच. तो मैदानापलीकडच्या त्या फळ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तिसरीतलं पोर उजळणी करतं तसे. आकडे गुजराती होते, पण बाजारात जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसाला ते परके नव्हते. माझा भाऊ चाळीस पावलांवरून फळा वाचत होता.

माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "हां."

मी वळलो आणि दिला. अगदी छातीवर, मऊ, नेमका. असा पास मी जन्मात दिला नसेल. तो समोरच्या टीमच्या गड्याच्या हातात पडला. सबंध सामनाभर आमचं 'हां हां' ऐकून त्या बेट्यानं ते उचललं होतं. त्यानं दोन ढांगांत कडी गाठली आणि चेंडू टाकला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

आमच्या लोकांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी दादापाशी गेलो. तो उठून उभा राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पुन्हा तोंडाकडे.

"तुन्हा गालवर तीळ शे," तो म्हणाला. मग फळ्याकडे बोट केलं. "आपन अठरा. त्या एकोणीस. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

"मी वाचं," तो म्हणाला. आणि मग जरा विचार करून, "म्हंजे आपन हारनूत का?"

कॅप्टन बाजूला येऊन उभा होता. मला धरून चोपायचा त्याला पूर्ण हक्क होता. त्यानं दादाकडून चष्मा घेतला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला की उद्या सकाळी माझ्या चष्मेवाल्याकडे जाऊ. त्या माणसाचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मी या जन्मी फेडू शकलो नाही.

चष्मा तयार व्हायला दोन दिवस लागले. गावचे दोघं आधीच परतले होते, म्हणून मी दादाला पोचवायला बरोबर निघालो. सुरतेपासून नंदुरबारपर्यंत तो खिडकीशी बसून होता आणि एक शब्द बोलला नाही. नवापूरला मी चहा आणला, तो त्याच्या हातात गार झाला. नंदुरबारला उतरल्यावर मात्र त्याला कंठ फुटला. स्टेशनाच्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो लांबून हात जोडून रामराम घालत सुटला. ओळखीचे, बिनओळखीचे, हमाल, टांगेवाले, कोणी सुटला नाही. इतक्या वर्षांची थकबाकी एका दमात चुकती करायची होती त्याला. गाडी घेऊन आलेले आप्पा हे बघतच राहिले.

गाडी रस्त्याला लागल्यावर दादा म्हणाला, "आप्पा, शाळामा माले फळा दिसत नव्हता."

आप्पांनी कासरा ओढून गाडी थांबवली. मग म्हणाले, "मंग सांगं का नही?"

"सगळासले असंच दिसस, असं वाटे माले."

आप्पांनी बैलांना हाकललं. गावापर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत, आणि पुढचे आठ दिवसही त्यांचं बोलणं कामापुरतंच होतं. मला वाटलं, चष्म्यावर रागावले असतील. दरडीवर टरबुजांची ओळ लागली तेव्हा आणखीनच घोटाळा. चष्मा लावलेल्या दादाला अंगावर येणारं टरबूज पहिल्यांदाच धडधडीत दिसलं. त्यानं किंचाळून हात वर केले आणि फळ गाडीच्या चाकावर फुटलं. दुसऱ्याला तो बाजूलाच झाला. तिसऱ्या वेळी त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला, मान वाकडी केली, हात छातीशी धरले आणि म्हणाला, "हां." मग दुपारपर्यंत एकही फुटलं नाही.

कोरीटचे पाहुणे यायच्या सकाळी मायनं चष्मा मागून घेतला आणि आतल्या कोनाड्यात ठेवून दिला. पाहुणे गेल्यावर लाव म्हणाली. मीही मान डोलावली. मला त्याची आजही शरम वाटते. सुरतेहून एवढा खटाटोप करून त्याला डोळे आणून दिले, आणि मीच म्हणालो की आजचा दिवस जाऊ दे. दादानं मुकाट्यानं ऐकलं. त्याला लग्न हवं होतं. घर हवं होतं, आपलं माणूस हवं होतं. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यानं दोनदा दाढी केली होती.

पाहुणे ओसरीवर बसले. मुलीचे वडील, तिचे काका आणि सामान उतरवायला आलेला त्यांचा गाडीवान. दादा आतून आला. ओसरीच्या टोकाला गाडीवान लाल पागोटं घालून ऐसपैस बसला होता. दादानं त्या पागोट्याचा रंग तेवढा हेरला, तोच मुलीचा बाप समजून थेट त्याच्याकडे गेला आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मुलीच्या वडिलांनी काकांकडे बघितलं आणि काकांनी निघायच्या बेतानं पाय खाली सोडून जोड्यांकडे. चौथ्यांदा तेच. माय दाराआड उभी होती, तिनं पदर तोंडाशी घेतला. दादा ओसरीच्या मधोमध उभा होता. काहीतरी चुकलं हे त्याला शांततेवरून कळलं होतं, पण काय चुकलं ते त्याला दिसत नव्हतं.

आप्पा उठले. आत गेले, कोनाड्यातून चष्मा घेऊन आले आणि दादाच्या हातात दिला. "लाव," म्हणाले. मग पाहुण्यांसमोर उभे राहिले. माझे वडील गावात कोणापुढे वाकलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"पाव्हना, आधी आयकी ल्या," ते म्हणाले. "मन्हा पोऱ्याले दूरनं दिसत नही. लहानपनपाइन. चष्मा लावा का दिसस. आम्ही त्याले ढ समजनूत. तो ढ नही शे. शाळामा फळा वाचता येत नही म्हनीसन मी त्याले लई मारं. चूक मन्ही शे. आते तुम्हले जे ठरावनं ते ठरावा."

मग मुलीच्या वडिलांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "ज्याना बाप पाव्हनासमोर असं खरं बोलस, त्याना घरमा पोर देवाले कसानी हरकत?" ते काकांना म्हणाले. काका काही म्हणाले नाहीत, पण त्यांनी पाय पुन्हा वर घेतले आणि मांडी घातली. वैशाखात लग्न झालं.

मी मात्र त्या वेळी पाहुण्यांकडे बघतच नव्हतो. आप्पा बोलत असताना दादानं चष्मा लावला होता, आणि आप्पांचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो काढून मुठीत धरला होता. मला त्याचा रागच आला होता. ऐन वेळी हा असा का करतो? पाहुणे गेल्यावर मी त्याला गोठ्याकडे नेऊन विचारलं, की आप्पांनी सगळ्यांसमोर लाव म्हटलं असताना तू चष्मा काढलास कशाला?

दादानं मुठीतला चष्मा सदऱ्याला पुसला.

"आप्पाना डोयामा पानी उनं," तो म्हणाला. "ते माले दखनं नव्हतं."